आधी परतीची वाट, मग खरेदी: क्रिप्टो निवडण्याची, जपण्याची आणि वापरण्याची पद्धत

क्रिप्टोबद्दल विचारायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कोणता कॉइन घेऊ?’ हा असतो. नागपूरच्या धरमपेठेतला नोकरदार असो, इतवारीतला व्यापारी असो किंवा काटोलकडचा संत्रा बागायतदार असो, प्रश्न बदलत नाही. ‘घेतल्यावर तो ठेवू कुठे, आणि फोन हरवला तर परत कसा मिळवू?’ असे विचारणारा क्वचितच भेटतो. बँकेच्या खात्याचा पासवर्ड विसरला तर शाखेत जाऊन, आधार आणि पॅन दाखवून मार्ग निघतो. बिटकॉइनला शाखा नाही, व्यवस्थापक नाही आणि तक्रार निवारण कक्षही नाही. ज्याच्याकडे खासगी चावी (नाणे हलवण्यासाठी लागणारा गुप्त आकडा), त्याच्याकडे मालकी, एवढाच तिथला नियम आहे. म्हणून या लेखात सांभाळण्याची व्यवस्था आधी आणि मोठी खरेदी नंतर, असा क्रम ठेवला आहे, आणि वाचकांनीही प्रत्यक्षात तोच पाळावा असा माझा आग्रह आहे.

कायदेशीर स्थिती

भारतात क्रिप्टो विकत घेणे किंवा बाळगणे हा गुन्हा नाही, मात्र ते अधिकृत चलनही नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचे परिपत्रक काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. मार्च २०२३ मध्ये क्रिप्टो सेवा देणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या आणि त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करणे बंधनकारक झाले. या नोंदणीचा अर्थ नीट समजून घ्यावा. तिच्यामुळे कंपनी ग्राहकाची ओळख तपासते आणि संशयास्पद व्यवहार सरकारला कळवते. आपल्या पैशाची हमी मात्र कोणीही घेत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत जे विम्याचे संरक्षण असते, ते इथे लागू होत नाही. रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया (तिने स्वतः काढलेले डिजिटल चलन) ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे आणि त्याचे नाव पुढे करून कोणी क्रिप्टो विकू लागला, तर तो फसवत आहे असे समजावे.

किती रक्कम, आणि कोणते कॉइन

रकमेबाबत माझे मत ठाम आहे. पुढच्या पाच वर्षांत ज्या पैशाची गरज पडणार आहे, म्हणजे मुलांची फी, घराचा हप्ता, पेरणीचा खर्च, आजारपणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, तो पैसा इथे आणू नये. कर्ज काढून किंवा सोने गहाण ठेवून तर मुळीच आणू नये. बिटकॉइनची किंमत नोव्हेंबर २०२१ मध्ये ६८ हजार डॉलरच्या वर गेली होती आणि वर्षभरात ती १६ हजारांच्या आसपास उतरली. नंतर ती पुन्हा चढलीही. ज्याला मधल्या काळात पैशाची निकड होती, त्याला ही नंतरची चढण उपयोगी पडली नाही.

नवख्या माणसाने बिटकॉइन आणि इथेरियम या दोहोंच्या पलीकडे सुरुवातीला जाऊ नये. बिटकॉइन जानेवारी २००९ पासून चालू आहे आणि त्याची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही, ही मर्यादा त्याच्या नियमांतच आहे. एक बिटकॉइन दहा कोटी भागांत विभागता येतो, त्यामुळे हजार रुपयांचाही घेता येतो. ‘अख्खा परवडत नाही म्हणून स्वस्तातला दुसरा घेतो’ हा युक्तिवाद चुकीचा आहे. इथेरियम २०१५ मध्ये सुरू झाले आणि त्यावर इतर अनेक टोकन (दुसऱ्याच्या जाळ्यावर चालणारी नाणी) चालतात. या दोन्हींची खरेदी-विक्री जगभर मोठ्या प्रमाणावर होत असल्यामुळे विकायचे ठरवले त्या दिवशी गिऱ्हाईक मिळते.

याबाहेरचे काही घ्यायचेच असेल, तर आधी काही गोष्टी तपासाव्यात: त्या टोकनचा मोठा हिस्सा मोजक्या पत्त्यांवर (पत्ता म्हणजे क्रिप्टोतला खाते क्रमांक) साठलेला आहे का, ते टोकन बनवणाऱ्यांना वाटेल तेव्हा नवीन टोकन काढता येतात का, आणि रोजची उलाढाल इतकी आहे का की आपली विक्री भाव न पाडता होऊ शकेल. ‘स्टेबलकॉइन’ (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेले नाणे) या नावावरही विसंबू नये. डॉलरशी बांधलेला म्हणवणारा टेरायूएसडी मे २०२२ मध्ये काही दिवसांत कोसळला, कारण त्याच्या मागे प्रत्यक्ष डॉलर नव्हते. लुना या दुसऱ्या टोकनशी अदलाबदल करण्याची केवळ यांत्रिक व्यवस्था होती.

एक्सचेंज निवडताना

एक्सचेंज ही खरेदीची जागा आहे, साठवणुकीची नव्हे. जपानमधील माउंट गॉक्स हे २०१४ मध्ये बंद पडले तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ झाल्याचे जाहीर झाले होते. आपल्याकडे १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या एक्सचेंजच्या एका वॉलेटमधून (वॉलेट म्हणजे चाव्या ठेवण्याची सोय) सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीला गेली आणि ग्राहकांची क्रिप्टो नाणी वर्षभराहून अधिक काळ अडकून पडली. त्या वॉलेटमधून व्यवहार करण्यासाठी अनेकांच्या सह्या लागत होत्या, तरीही हे घडले. कंपनीच्या म्हणण्यानुसार सही करणाऱ्यांना पडद्यावर जे दिसत होते आणि प्रत्यक्षात ज्यावर सही होत होती, त्यात तफावत होती. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण घरातल्या वॉलेटलाही तो तंतोतंत लागू पडतो.

निवड करताना नोंदणी झालेली कंपनीच घ्यावी आणि तिचे ॲप कोणी पाठवलेल्या दुव्यावरून न उतरवता अधिकृत स्टोअरमधूनच उतरवावे. त्यानंतर एक प्रश्न विचारावा, जो बहुतेक जण विचारत नाहीत: घेतलेला कॉइन माझ्या स्वतःच्या वॉलेटमध्ये पाठवता येतो का, त्याला किती शुल्क पडते आणि किती वेळ लागतो? काही ठिकाणी खरेदी-विक्री होते, पण कॉइन बाहेर नेता येत नाही, किंवा नेण्यावर बऱ्याच अटी असतात. अशा ठिकाणी आपल्या हाती केवळ त्या कंपनीने लिहून ठेवलेला आकडा येतो.

खाते उघडण्यापूर्वी केवळ याच कामासाठी एक वेगळा ईमेल तयार करावा. दुहेरी पडताळणीसाठी एसएमएसवर अवलंबून न राहता ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारे) वापरावे, कारण सिम बदलून घेणाऱ्या भामट्याच्या हाती एसएमएस आपोआप जातात. ऑथेंटिकेटरचे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवावेत. फोन चोरीला गेल्यावर त्यांचीच गरज पडते. ‘ठरवलेल्या पत्त्यांवरच पैसे काढता येतील’ अशी सोय असेल तर ती चालू करावी. फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे किंवा दुसऱ्याच्या ताब्यात देणारे ॲप त्या फोनवर ठेवूच नये, मग मदत करणारा स्वतःला कस्टमर केअरचा म्हणवत असला तरीही.

टेलिग्रामवर ओळख झालेल्या माणसाकडून यूपीआयने पैसे देऊन थेट कॉइन घेणे किंवा त्याला विकणे टाळावे. कॉइन विकल्यावर आपल्या खात्यात आलेला पैसा सायबर फसवणुकीतला निघाला, तर तपास यंत्रणा त्या पैशाचा माग काढत आपल्या खात्यापर्यंत येते आणि खाते गोठते. आपण निर्दोष असलो तरी ते मोकळे करून घेण्यासाठी दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागू शकतो, आणि तोवर पगार आणि हप्ते त्याच खात्यात अडकतात.

वॉलेट आणि बारा किंवा चोवीस शब्द

आता मुख्य भाग. वॉलेटमध्ये नाणी नसतात. नाण्यांची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या सामाईक वहीत, असते आणि ती हलवण्याची चावी वॉलेटमध्ये असते. फोनवरचे वॉलेट इंटरनेटला जोडलेले असते, त्यामुळे त्यात खिशातल्या पाकिटात ठेवाल तेवढीच रक्कम ठेवावी. त्याहून मोठ्या रकमेसाठी हार्डवेअर वॉलेट, म्हणजे चावी इंटरनेटपासून दूर ठेवणारे छोटे उपकरण, घ्यावे. लेजर आणि ट्रेझर ही त्यातली जुनी नावे. ते उत्पादकाकडून किंवा त्याने स्वतःच्या संकेतस्थळावर नमूद केलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे. जुने, वापरलेले, किंवा ‘आधीच तयार करून दिलेले’ उपकरण कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. डब्यात शब्द छापलेला कागद आधीच आला असेल, तर ते उपकरण वापरूच नये. शब्द नेहमी आपल्यासमोर, उपकरणाच्या पडद्यावर तयार झाले पाहिजेत.

वॉलेट सुरू करताना बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द दिसतात. यालाच सीड फ्रेज म्हणतात. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. उपकरण जळाले, हरवले किंवा ती कंपनीच बंद पडली, तरी या शब्दांवरून दुसऱ्या वॉलेटमध्ये सर्व काही परत मिळते. याचा दुसरा अर्थ असा की हे शब्द ज्याने वाचले, त्याला आपले उपकरण चोरण्याची गरजच उरत नाही. म्हणून त्यांचा फोटो काढू नये, ते व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवू नयेत, गुगल ड्राइव्हमध्ये ठेवू नयेत, झेरॉक्सच्या दुकानात नेऊ नयेत आणि कोणत्याही संकेतस्थळावर टाइप करू नयेत.

शब्द प्रथम कागदावर, ठळक अक्षरांत, क्रमांक घालून लिहावेत. परंतु कागदावर थांबू नये, आणि नागपूरकरांना याचे कारण वेगळे सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी आजूबाजूच्या वस्त्यांतल्या तळमजल्यांत शिरले, तेव्हा कपाटांच्या खालच्या कप्प्यांतली कागदपत्रे लगदा होऊन बाहेर निघाली. पाण्याखेरीज वाळवी आहे, आग आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईत जुनी वही रद्दीवाल्याकडे जाण्याची शक्यता तर दरवर्षीच असते.

यावर उपाय म्हणजे स्टेनलेस स्टीलची पट्टी. परदेशी बनावटीच्या तयार पट्ट्या मिळतात, पण त्यांची आवश्यकता नाही. इतवारीतल्या लोहा ओळीत किंवा कोणत्याही चांगल्या हार्डवेअरच्या दुकानात दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी कापून मिळते आणि इंग्रजी अक्षरांचा पंच संचही मिळतो. पट्टी जाड लोखंडी ठोकळ्यावर ठेवावी, कायमस्वरूपी मार्करने आधी रेघा आखून घ्याव्यात, पंच सरळ उभा धरावा आणि हातोडीचा एकच घट्ट घाव घालावा. दोन घाव घातल्यास अक्षर दुहेरी उमटते आणि काही वर्षांनी ‘ओ’ आणि ‘क्यू’ यांत गोंधळ होतो. पूर्ण शब्द ठोकण्याची गरज नसते, कारण त्या यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरूनच ओळखता येतो. चोवीस शब्दांसाठी फार तर शहाण्णव अक्षरे होतात, म्हणजे एका निवांत दुपारचे काम. हे काम नेमप्लेट कोरणाऱ्याकडे देण्याचा मोह होतो. तो टाळावा; कोरणाऱ्याने शब्द पाहिले की गुप्तता संपली.

अशा दोन पट्ट्या कराव्यात आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, उदाहरणार्थ एक घरात आणि दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये. दोन्ही एकाच इमारतीत ठेवल्यास दुसरी केल्याचा फायदा राहत नाही. शब्द अर्धे इथे आणि अर्धे तिथे अशी विभागणी पुष्कळांना हुशारीची वाटते. मी तिचा सल्ला देत नाही, कारण एक भाग नष्ट झाला की उरलेला भाग मालकाच्या उपयोगाचा राहत नाही.

आणि आता ती पायरी, जी जवळजवळ सगळे गाळतात. वॉलेटमध्ये केवळ पाचशे-हजार रुपयांचा कॉइन पाठवावा. मग उपकरण मुद्दाम रीसेट करून पूर्ण कोरे करावे आणि कागदाकडे न बघता, केवळ पट्टीवरची अक्षरे वाचून ते पुन्हा उभे करावे. शिल्लक परत दिसली, तरच व्यवस्था झाली असे मानावे. शब्द लिहिताना झालेली चूक या वेळी सापडली तर फार तर हजार रुपये पणाला लागलेले असतात. तीच चूक तीन वर्षांनी सापडली तर उपाय नसतो. ही तालीम होईपर्यंत मोठी खरेदी करू नये.

पाठवताना आणि स्वीकारताना

क्रिप्टोचा व्यवहार एकदा ब्लॉकमध्ये (ब्लॉकचेनच्या वहीतल्या पानात) गेला की मागे घेता येत नाही. त्यामुळे पाठवण्यापूर्वी पत्ता आणि नेटवर्क या दोन गोष्टी तपासाव्यात. एकच यूएसडीटी (डॉलरशी बांधलेला स्टेबलकॉइन) इथेरियमवरही चालतो आणि ट्रॉन या दुसऱ्या नेटवर्कवरही; पाठवणाऱ्याने एक नेटवर्क निवडले आणि घेणारे एक्सचेंज त्यावर स्वीकारत नसेल, तर रक्कम अडकते आणि ती सोडवणे त्या कंपनीच्या मर्जीवर राहते. शुल्कही त्या-त्या नेटवर्कच्या मूळ नाण्यात द्यावे लागते. इथेरियमवरचा यूएसडीटी हलवायचा असेल तर वॉलेटमध्ये थोडे इथर (इथेरियमचे मूळ नाणे) हवे. ते नसेल तर शिल्लक दिसते, पण हलत नाही.

पत्त्याबाबत दोन युक्त्या सध्या फार चालतात. पहिलीत संगणकात शिरलेले घातक सॉफ्टवेअर आपण कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना बदलून टाकते. दुसरी अधिक चलाख आहे. भामटा आपल्या नेहमीच्या पत्त्याची पहिली आणि शेवटची चार-पाच अक्षरे जुळतील असा स्वतःचा पत्ता तयार करतो आणि तिथून आपल्याला नगण्य किंवा शून्य रकमेचा व्यवहार पाठवतो. तो आपल्या व्यवहारांच्या यादीत बसून राहतो, आणि पुढच्या वेळी आपण यादीतून घाईने पत्ता उचलला की रक्कम त्याच्याकडे जाते. म्हणून पत्ता जुन्या व्यवहारांतून कधीही उचलू नये, तो मूळ ठिकाणाहून दरवेळी नव्याने घ्यावा, आणि हार्डवेअर वॉलेटच्या छोट्या पडद्यावर दिसणारा पत्ता सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तिन्ही ठिकाणी जुळवावा. संगणकाचा पडदा खोटे दाखवू शकतो. आधी ज्या तफावतीचा उल्लेख केला ती हीच. नव्या पत्त्यावर आधी लहान रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करावी. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी तयार होतो, आणि मोठ्या रकमेसाठी सहा ब्लॉक, म्हणजे साधारण तासभर, थांबण्याचा प्रघात आहे.

वॉलेटमध्ये न मागता आलेल्या टोकनना हात लावू नये. ते ‘मिळवण्यासाठी’ एखाद्या संकेतस्थळाला वॉलेट जोडून परवानगी दिली की त्या परवानगीच्या आधारे इतर टोकन काढून नेता येतात.

फसवणुकीची ओळख

नागपूरला ही गोष्ट नवी नाही. २०१३ मध्ये श्रीसूर्या आणि २०१४ मध्ये वासनकर ही गुंतवणूक फसवणुकीची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा क्रिप्टोचे नावही कोणाच्या तोंडी नव्हते. आमिष मात्र तेच होते, बाजारात कुठेही न मिळणारा परतावा. पुढे गेनबिटकॉइन नावाच्या योजनेने अठरा महिने दरमहा दहा टक्के देण्याचे आश्वासन देऊन देशभर पैसा गोळा केला. ठरावीक परताव्याची हमी आणि माणसे जोडण्याचे कमिशन ही दोन लक्षणे एकत्र दिसली की तंत्रज्ञान कोणतेही असो, तिथून उठून यावे.

हल्ली याचे रूप व्हॉट्सॲप ग्रुपचे असते. ग्रुपमधले बहुतेक जण रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतात, एखादी ‘मॅडम’ मार्गदर्शन करते, दिलेल्या ॲपवर आपली शिल्लक वाढताना दिसते आणि पहिले दोन-तीन हजार रुपये खात्यात परतही येतात. विश्वास बसून मोठी रक्कम गेली की उत्तर येते: ‘सर, तुमचे विड्रॉल मंजूर झाले आहे, फक्त तीस टक्के टॅक्स आधी भरा, मग पूर्ण रक्कम रिलीज होईल.’ भारतात कोणतेही एक्सचेंज आयकर असा आगाऊ मागत नाही. तो आपण स्वतः सरकारकडे भरतो. हे वाक्य ऐकले की गेलेले गेले असे समजून पुढचा एक रुपयाही देऊ नये.

फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात जावे. पैसा बँकेच्या खात्यात असेपर्यंतच तो रोखण्याची चांगली संधी असते, त्यामुळे लाजेपोटी घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो. सोबत यूपीआयचे संदर्भ क्रमांक, व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरचा त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), भामट्याचे पत्ते आणि चॅट हे सर्व जपून न्यावे. ग्रुपमधून बाहेर पडण्याच्या घाईत ते पुसू नये. ‘गेलेले क्रिप्टो परत मिळवून देतो’ म्हणणारे नंतर हमखास संपर्क करतात, आणि तेही बहुधा त्याच टोळीचे असतात.

कर आणि नोंदी

क्रिप्टोच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे. समजा एक कॉइन ५० हजारांना घेऊन ८० हजारांना विकला, तर ३० हजारांच्या नफ्यावर ९ हजार आणि उपकर ३६० मिळून ९,३६० रुपये होतात. त्याच वर्षी दुसऱ्या कॉइनमध्ये ३० हजारांचा तोटा झाला असला तरी तो वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षी नेताही येत नाही. खरेदी किमतीशिवाय दुसरा खर्चही वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएसही कापला जातो, म्हणजे वरच्या उदाहरणात ८०० रुपये. तो विवरणपत्रात जमा दाखवून घ्यावा. एका कॉइनच्या बदल्यात दुसरा घेणे हीही विक्रीच मानली जाते, हे पुष्कळांना नोटीस आल्यावर कळते.

स्वतःच्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात हलवणे म्हणजे विक्री नव्हे, पण ते सिद्ध करण्यासाठी नोंद लागते. एका साध्या तक्त्यात तारीख, कॉइन, संख्या, रुपयांतली किंमत, शुल्क आणि व्यवहाराचा हॅश लिहीत जावे, आणि एक्सचेंजचा अहवाल दरवर्षी उतरवून ठेवावा. कंपनी बंद पडल्यावर तो मिळेलच असे नाही.

घरच्यांसाठी

एक पत्र लिहून ठेवावे. त्यात शब्द लिहू नयेत; कोणती मालमत्ता आहे, उपकरण कुठे आहे, पट्ट्या कुठे आहेत, कोणत्या एक्सचेंजवर खाते आहे, आणि अडचण आल्यास आपल्या ओळखीतल्या कोणत्या जाणत्या व्यक्तीची मदत घ्यावी, एवढेच लिहावे. त्या व्यक्तीलाही शब्द एकटीने हाताळू देऊ नयेत, हेही त्यात स्पष्ट करावे. पत्र मृत्युपत्रासोबत ठेवावे आणि मृत्युपत्रात क्रिप्टोचा उल्लेख नावानिशी करावा. लॉकरला नामनिर्देशन आहे की नाही ते बँकेत जाऊन पाहावे, कारण दुसरी पट्टी तिथेच असते.

त्यानंतर पत्नीला, पतीला किंवा सज्ञान मुलाला समोर बसवून लहान रकमेचे एक वेगळे वॉलेट कोरे करावे आणि त्याच्या पट्टीवरून ते त्यांच्याच हातांनी पुन्हा उभे करवून घ्यावे. आपण केवळ शेजारी बसावे. ते जिथे अडखळतील, ती जागा पत्रात अधिक सविस्तर लिहावी.